पुस्तक विकणाऱ्याचा गुन्हा

१२ डिसेंबर १९५९. मुंबईतल्या 'हॅपी बुक स्टॉल' नावाच्या पुस्तकांच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं. डी. एच. लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीची एक प्रत त्याने विकत घेतली. पोलिसांच्या भाषेत ते 'बोगस गिऱ्हाईक' होतं, सापळा लावण्यासाठी पाठवलेलं. विक्रीसाठी ठेवलेल्या आणखी प्रती दुकानात मिळाल्या आणि दुकानाच्या चारही भागीदारांवर भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली खटला भरला गेला. अश्लील पुस्तक विक्रीसाठी बाळगलं आणि विकलं, हे दोन आरोप.

कादंबरीकार १९३० मध्येच वारला होता. प्रकाशक परदेशात. मुंबई पोलिसांच्या हाताला लागण्यासारखा एकच माणूस होता, गल्ल्यावर बसलेला. पुस्तकांवरच्या बंदीचा इतिहास आपण लेखकांच्या नावाने लिहितो, कारण गाजतात ते लेखक. पण कुठल्याही देशात कुठल्याही काळात बंदीचा पहिला धक्का खातो तो दुकानदार. त्याच्या दुकानाला पत्ता असतो, उघडण्याची वेळ असते आणि माल उघड्यावर मांडलेला असतो. लेखक परागंदा होऊ शकतो, प्रकाशक नाव बदलू शकतो. दुकानदाराला सकाळी शटर वर करावंच लागतं.

एस्प्लनेडच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात हा खटला चालला. प्रत विकली गेली आणि बाकीच्या प्रती दुकानात होत्या, एवढं सिद्ध करायला फिर्यादी पक्षाला फारसे कष्ट पडले नाहीत. बचावासाठी साक्षीला उभे राहिले मुल्कराज आनंद. 'अनटचेबल' आणि 'कुली' या कादंबऱ्यांचे लेखक, कलासमीक्षक आणि लॉरेन्सच्या पिढीच्या इंग्रजी साहित्याचे जाणकार. त्यांनी कादंबरीची फोड करून तिचं वाङ्मयीन मोल कोर्टासमोर मांडलं. मॅजिस्ट्रेटना ते पटलं नाही. भागीदारांना प्रत्येकी वीस रुपये दंड झाला. न भरल्यास आठवडाभराची साधी कैद.

वीस रुपये भरून मोकळं होता आलं असतं. चार भागीदारांपैकी रणजित उदेशी यांनी तसं केलं नाही. उच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं फेटाळल्यावर ते सर्वोच्च न्यायालयात गेले. 'रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा निकाल आज कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी अश्लीलतेच्या व्याख्येसाठी वाचतो. माझ्या मते या खटल्यातला अधिक मोलाचा प्रश्न त्या व्याख्येच्या मागे झाकला गेला. दुकानात असलेल्या पुस्तकात काय लिहिलंय, हे दुकानदाराला ठाऊक असायला हवं का? ठाऊक नसेल तरी तो गुन्हेगार ठरतो का?

ज्या कसोटीवर ही कादंबरी तोलली गेली ती कसोटीही एका पुस्तिका विकणाऱ्याच्याच खटल्यातून आलेली. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन गावी हेन्री स्कॉट नावाचा धातूंचा एक दलाल राहायचा. कडवा प्रोटेस्टंट. कॅथलिक पंथातल्या पापनिवेदनाच्या प्रथेवर झोड उठवणारी एक पुस्तिका तो ज्या भावाने पडली त्याच भावाने विकायचा. त्यात नफा कमवायचा त्याचा विचार नव्हता. पोलिसांनी प्रती जप्त केल्या. आपला उद्देश धर्मसुधारणेचा होता, हे त्याचं म्हणणं १८६८ साली मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनी बाजूला सारलं आणि नियम घालून दिला: ज्यांची मनं अशा प्रभावाला सहज बळी पडतील आणि ज्यांच्या हाती हे लिखाण पडू शकेल, त्यांना बिघडवण्याकडे त्याचा कल आहे का, एवढंच पाहायचं. ही 'हिक्लिन कसोटी'. तिच्यात उद्देशाला जागा नव्हती. पुस्तक समग्र वाचायची सक्ती नव्हती, चार उतारे पुरत होते. आणि वाचक म्हणून डोळ्यांसमोर धरायचा तो समाजातला सर्वांत कच्च्या मनाचा माणूस.

ब्रिटिश अमलात हा नियम आपल्याकडे आला आणि स्वातंत्र्यानंतरही राहिला. खुद्द इंग्लंडने मात्र १९५९ मध्ये नवा कायदा करून तो मोडीत काढला. पुस्तक समग्र वाचून ठरवा, साहित्याच्या हिताचं असेल तर तो बचाव ग्राह्य धरा, असं त्या कायद्याने सांगितलं. त्यातली आणखी एक तरतूद क्वचितच कोणाच्या लक्षात येते. आपण हे पुस्तक तपासलं नव्हतं आणि त्याबद्दल संशय यावा असं काही कारणही नव्हतं, एवढं विक्रेत्याने सिद्ध केलं तर त्याला शिक्षा होत नाही. पुढच्याच वर्षी लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात पेंग्विन प्रकाशनावर याच कादंबरीसाठी खटला चालला आणि २ नोव्हेंबर १९६० रोजी ज्यूरीने पेंग्विनला निर्दोष ठरवलं. ज्या देशात कसोटी जन्मली तिथे कादंबरी सुटली.

आता अमेरिका. मुंबईत बोगस गिऱ्हाईक दुकानात शिरल्याला दोनच दिवस झाले होते. १४ डिसेंबर १९५९ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच प्रश्नावर निकाल दिला. लॉस एंजेलिसमध्ये एलिझर स्मिथ नावाचा पुस्तकविक्रेता होता. ज्या दुकानात पुस्तकं विकली जातात तिथे अश्लील पुस्तक सापडलं की गुन्हा झाला, मग दुकानदाराला त्यातला मजकूर माहीत असो वा नसो, असा त्या शहराचा नियम होता. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी तो घटनाबाह्य ठरवला. त्यांचा युक्तिवाद दुकानदारीच्या व्यवहारातून आलेला आहे, म्हणून तो मला फार भावतो. न वाचलेल्या पुस्तकासाठीही तुरुंगात जावं लागणार असेल, तर दुकानदार स्वतः तपासलेली पुस्तकंच ठेवील. एक माणूस वाचून वाचून किती वाचणार? म्हणजे दुकानात मोजकीच पुस्तकं उरतील आणि ज्यांच्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती अशी शेकडो पुस्तकं वाचकाला मिळेनाशी होतील. बंदी आणली सरकारने, पण ती अमलात आणील दुकानदार, स्वतःच्या भीतीपोटी आणि कोणाच्याही नजरेस न येता.

हे तत्त्व प्रत्यक्षात कसं दिसतं, ते दोन वर्षं आधी सॅन फ्रान्सिस्कोत दिसलं होतं. तिथल्या 'सिटी लाइट्स' या दुकानाचे मालक कवी लॉरेन्स फर्लिंगेटी यांनी ॲलन गिन्सबर्गचा 'हाउल' हा कवितासंग्रह प्रकाशित केला होता. किंमत पंचाहत्तर सेंट. ३ जून १९५७ रोजी दोन साध्या वेशातले पोलीस आले, त्यांनी प्रत विकत घेतली आणि काउंटरवरच्या शिगेयोशी मुराओला अटक केली. दुसऱ्या महायुद्धात ज्या अमेरिकी कुटुंबांना केवळ जपानी वंशाची म्हणून छावण्यांत डांबण्यात आलं, त्यांपैकी एका कुटुंबातला हा मुलगा. छावणीतून सुटून पुढे सैन्यात नोकरी केलेला. आता एका पातळशा कवितासंग्रहासाठी पुन्हा कोठडीत. खटल्यात मुराओवरचा आरोप टिकला नाही, कारण पुस्तकात काय आहे हे त्याला माहीत होतं, असं सरकार पक्षाला दाखवता आलं नाही. मालक फर्लिंगेटीवरचा खटला मात्र पुढे चालला आणि ऑक्टोबरमध्ये न्यायाधीश क्लेटन हॉर्न यांनी त्यालाही निर्दोष सोडलं.

मुंबईचा खटला १९६४ च्या ऑगस्टमध्ये निकाली निघाला. पाच न्यायाधीशांच्या पीठाच्या वतीने न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निकालपत्र लिहिलं. ते साहित्याचे रसिक वाचक होते आणि हे निकालपत्रातही जाणवतं. पण हिक्लिन कसोटी त्यांनी उचलून धरली आणि शिक्षा कायम केली. विक्रेत्याच्या माहितीचा मुद्दाही निकालात निघाला. कलमात 'जाणीवपूर्वक' असा शब्द नाही. तो त्यात वाचला तर खऱ्या गुन्हेगारांच्या हातात अभेद्य ढाल दिल्यासारखं होईल, असा न्यायालयाचा विचार होता. पुस्तकांची संख्या एवढी मोठी असताना दुकानदाराने सगळं कसं जाणावं, या युक्तिवादाची न्यायालयाने दखल घेतली. मात्र अपवाद करायचा तर तो संसदेने करावा, असं सांगून तो बाजूला ठेवला. दुकानदाराला माहिती नव्हती, तर शिक्षा सौम्य करता येईल. गुन्हा मात्र पुसला जाणार नाही.

पाच वर्षांनी, १९६९ मध्ये, संसदेने कलम २९२ खरोखरच हाती घेतलं. विज्ञान, साहित्य, कला, ज्ञान यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला अपवाद मिळाला. ही सुधारणा मोलाची होती, यात वाद नाही. पण न्यायालयाने ज्या दारावर बोट ठेवलं होतं ते दार बंदच राहिलं. विक्रेत्याच्या वाट्याला एक ओळही आली नाही. उलट शिक्षा वाढली. तीन महिन्यांची कमाल कैद पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांवर गेली. याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' अश्लील नसल्याचं ठरवून लेखकाला सोडलं. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आलेल्या त्या कथानकाने सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. हिक्लिन कसोटी स्वतः २०१४ मध्ये, 'अवीक सरकार' खटल्यात, न्यायालयाने टाकून दिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलम २९२ चं कलम २९४ झालं. पहिल्या गुन्ह्याचा कमाल दंड दोन हजारांवरून पाच हजार झाला. 'विकतो', 'बाळगतो' हे शब्द जसेच्या तसे आहेत. त्यांच्या आधी 'माहीत असताना' हे शब्द अजूनही आलेले नाहीत.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या चिंचोळ्या दुकानात उभं राहून याचा विचार करावा. छतापर्यंत गठ्ठे, पाठ्यपुस्तकं, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं, कथा, कादंबऱ्या, चरित्रं. विक्रेत्याला पुस्तकाचं नाव सांगितलं की तो न बघता हात घालून नेमकी प्रत काढतो. किंमत, प्रकाशक, आवृत्ती त्याला तोंडपाठ असते. ही माहिती म्हणजे त्याची विद्या. पण त्यातल्या प्रत्येक पुस्तकाच्या दीडशेव्या पानावर काय आहे, हे त्याने जाणावं अशी अपेक्षा कायदा करतो. ज्याला एवढं वाचणं शक्य नाही तो दुसरा, सोपा मार्ग धरतो. ज्या नावाभोवती कुजबुज सुरू झाली ते पुस्तक मागवायचंच नाही. 'संपलंय' म्हणायचं. वाचक परत जातो, आणि पुस्तक संपलेलं नव्हतं, हे त्याला कधी कळत नाही.

भीती कायद्याचीच असते असं नाही. सलमान रश्दींच्या 'सटॅनिक व्हर्सेस'वरून १९८९ च्या फेब्रुवारीत इराणच्या खोमेनींनी फतवा काढला, तेव्हा अमेरिकेतल्या मोठ्या साखळी दुकानांनी हे पुस्तक मांडणीवरून काढून घेतलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कले शहरात 'कोडीज' हे स्वतंत्र दुकान होतं. २८ फेब्रुवारीच्या पहाटे त्याच्या खिडकीतून पेटता बॉम्ब आत आला. आग विझली, आवराआवर सुरू झाली, आणि कवितांच्या विभागाजवळ न फुटलेला पाइप बॉम्ब सापडला. हलवणं धोक्याचं म्हणून पोलिसांनी तो दुकानातच उडवला. त्यानंतर मालक अँडी रॉस यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना जमवलं. पुस्तक विकत राहायचं का? निर्णय मालकाने एकट्याने घेण्यासारखा नव्हता, कारण काउंटरवर उभं राहणार होते ते पगारी लोक. मत घेतलं गेलं. एकमताने ठरलं, विकायचं. त्याच वर्षी लंडनमधल्या 'कॉलेट्स' आणि 'डिलन्स' या दुकानांवरही बॉम्ब पडले. मुख्य न्यायाधीशांच्या निकालपत्रांइतकंच हे मतदान मला मोठं वाटतं. निकालपत्र लिहिणाऱ्याला संरक्षण असतं.

अमेरिकी पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेने या अनुभवानंतर अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी वेगळी संस्थाच उभी केली. ती दुकानदारांना वकील मिळवून द्यायची, न्यायालयात म्हणणं मांडायची. या संघटित बळाचा उपयोग एका वेगळ्याच लढाईत झाला. डेन्व्हरजवळ २००० साली पोलिसांनी मादक द्रव्याचा कारखाना पकडला. तिथे ते द्रव्य बनवण्याची दोन पुस्तकं होती आणि कचऱ्यात 'टॅटर्ड कव्हर' या दुकानाचं रिकामं पाकीट. त्या पाकिटातून काय आलं होतं, याची नोंद पोलिसांना हवी होती. दुकानाच्या मालकीण जॉयस मेस्किस यांनी नोंद द्यायला नकार दिला. त्यांच्या मते कोण काय वाचतो हे पोलिसांना कळतं असं लोकांना वाटू लागलं, की लोक पुस्तक विकत घ्यायला बिचकतील. खटला कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ८ एप्रिल २००२ रोजी मेस्किस जिंकल्या. नंतर उघड झालं, त्या पाकिटातून जपानी सुलेखनकलेचं पुस्तक गेलं होतं.

मेस्किस यांच्या मागे न्यायालय होतं. हाँगकाँगच्या लाम विंग-की यांच्या मागे कोणी नव्हतं. 'कॉजवे बे बुक्स' या त्यांच्या दुकानात चिनी नेत्यांबद्दलची, मुख्य भूमीवर बंदी असलेली पुस्तकं मिळत. सीमेपलीकडचे वाचक ती मुद्दाम येऊन नेत, काही टपालाने मागवत. २०१५ च्या शेवटच्या महिन्यांत या दुकानाशी संबंधित पाच जण एकामागोमाग एक नाहीसे झाले. लाम यांना शेनझेनच्या सीमेवर पकडून अनेक महिने कोठडीत ठेवलं गेलं. जून २०१६ मध्ये त्यांना एका अटीवर परत पाठवलं. दुकानातल्या गिऱ्हाइकांची यादी असलेली हार्ड डिस्क आणून द्यायची. परतीच्या वाटेवर काउलून टाँग स्थानकाशी ते थांबले, ओळीने तीन सिगारेटी ओढल्या, आणि सीमेकडे जायचं सोडून १६ जूनला पत्रकारांसमोर जाऊन सगळं सांगितलं. पाचांपैकी ग्वे मिनहाय यांना चीनने २०२० मध्ये दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. लाम यांनी त्याच वर्षी तैपेईत दुकान पुन्हा उघडलं.

आपल्याकडे सरकारी बंदीचं मुख्य हत्यार वेगळं आहे. राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढून एखाद्या पुस्तकाच्या सगळ्या प्रती सरकारजमा झाल्याचं जाहीर करू शकतं. आधी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली होत असे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली होतं. महाराष्ट्राने जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावर जानेवारी २००४ मध्ये, भांडारकर संस्थेवरच्या हल्ल्यानंतर, हेच हत्यार उगारलं. ती बंदी उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये रद्दच ठेवली. कोणत्या समाजगटांमध्ये वैर पसरेल, हेच अधिसूचनेत सांगितलेलं नव्हतं. त्या पुस्तकातल्या वादग्रस्त मजकुराबद्दल मराठी माणसाला चीड येणं मी समजू शकतो. चुकीच्या इतिहासाला पुराव्याने उत्तर देता येतं आणि इतिहास संशोधक ते देतातही. मात्र त्यासाठी पुस्तक हातात यावं लागतं. न्यायालयात गेले ते संघराज रूपवते, आनंद पटवर्धन यांच्यासारखे नागरिक. पुस्तकविक्रेता त्यांच्यात नव्हता.

ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या गृहखात्याने एकाच आदेशाने पंचवीस पुस्तकं सरकारजमा केली. त्यांत मुंबईत आयुष्य घालवलेले कायदेपंडित ए. जी. नूरानी यांचं काश्मीर प्रश्नावरचं पुस्तक आहे. पाठोपाठ पोलीस श्रीनगरच्या दुकानांतून प्रती शोधत फिरले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांनी दुकानांतून ६६८ पुस्तकं उचलली होती.

रश्दींच्या पुस्तकाचं आपल्याकडे वेगळंच झालं. ऑक्टोबर १९८८ मध्ये केंद्राने त्याच्या आयातीवर सीमाशुल्क कायद्याखाली बंदी घातली, आणि छत्तीस वर्षं भारतातल्या दुकानदारांनी ती पाळली. २०१९ मध्ये एका वाचकाने दिल्ली उच्च न्यायालयात तिला आव्हान दिलं. मूळ अधिसूचना कोणत्याच खात्याला सापडेना. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने म्हटलं, ती अस्तित्वातच नाही असं धरून चालावं लागेल. डिसेंबरात दिल्लीच्या खान मार्केटमधल्या 'बाहरीसन्स'मध्ये पुस्तक विक्रीला आलं.

हे वाचणारा कोणी पुस्तकविक्रेता असेल, तर त्याने एवढं जरूर ध्यानात ठेवावं. सरकारजमा करण्याचा आदेश राजपत्रात छापलेला असावा लागतो आणि त्यात कारणं लिहिलेली असावी लागतात. त्याखाली दुकानाची झडती घ्यायची तर मॅजिस्ट्रेटचं वॉरंट लागतं, आणि येणारा अधिकारी उपनिरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा चालत नाही. म्हणून 'हे पुस्तक ठेवू नका' असं तोंडी सांगणाऱ्याकडे आदेशाचा क्रमांक आणि तारीख मागावी. आदेश खरा असेल, तर तो प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात अर्ज करता येतो आणि तो तीन न्यायाधीशांच्या विशेष पीठापुढे चालतो. पुस्तकाशी हितसंबंध असलेल्या कोणालाही हा अर्ज करता येतो. ज्याच्या दुकानातल्या प्रती उचलल्या गेल्या, त्याचा हितसंबंध तर सर्वांत आधी येतो.